घरीं बांधलेल्या विमानाची दुरुस्ती

विमान बांधण्यास कौशल्य लागतें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु बांधलेलें विमान उडण्याच्या स्थितींत राखणें हें त्याहून बिकट काम होय, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. विल्बर व ऑर्व्हिल राइट या बंधूंची कथा शालेय पुस्तकांत दोन ओळींत आटोपते : १९०३ सालच्या १७ डिसेंबरला त्यांचें विमान उडालें. त्यापूर्वीच्या सहा आठवड्यांत तें कितीदां मोडलें व कसें नीट केलें, हा भाग विद्यार्थ्यांस अधिक उपयोगी आहे असें आम्हांस वाटतें.

हे बंधू अमेरिकेंतील डेटन गांवीं सायकलींचें दुकान चालवीत. त्यांचे वडील ख्रिस्ती मंडळीचे बिशप होते. विद्यापीठाची पदवी दोघांपैकीं एकासही नव्हती. पंख स्प्रूसच्या लांकडाचे, त्यांवर मलमल ताणलेली; आणि एंजिन त्यांच्याच दुकानांतील कारागीर चार्ल्स टेलर यानें सहा आठवड्यांत घडविलेलें. उड्डाणासाठीं त्यांनीं डेटनपासून शेंकडों मैल दूर, किटी हॉकनजीकची वाळूची ओसाड किनारपट्टी निवडली होती.

एंजिनाची शक्ति सायकलीसारख्या सांखळ्यांनीं दोन पंख्यांच्या दांड्यांस पोंचत असे. हे दांडे पोकळ पोलादी नळ्यांचे होते. ५ नोव्हेंबरला एंजिन प्रथम चालवून पाहिलें, तों त्याच्या हिसक्यांनीं दांडे निकामी झाले. ते दुरुस्तीसाठीं डेटनला धाडावे लागले. २० तारखेस ते परत आले, तेव्हां नवीच अडचण : दांड्यांवरचीं दातेरी चाकें कितीही आवळलीं तरी सैल होत. येथें सायकलवाल्याची युक्ति कामास आली. टायर चिकटविण्याचें कठीण सिमेंट त्यांच्याजवळ होतें. दांडे व चाकें तापवून तें आट्यांमध्यें वितळविलें आणि चाकें पुन्हां बसविलीं. तीं मग सैल झालीं नाहींत.

परंतु २८ नोव्हेंबरला एका दांड्यास चीर गेलेली दिसली. सामान्य कारागिरानें जाडसर नळी बसवून समाधान मानलें असतें. या बंधूंनीं चीर कां गेली हें शोधिलें. शक्ति एकसारखी मिळती तर त्या नळ्या गरजेपेक्षां कितीतरी पटींनीं बळकट होत्या. पण एंजिनाचा जोर एकसारखा नसतो, तो धक्क्याधक्क्यानें येतो. रुंद पोकळ नळी पिळल्यानें लवत नाहीं; म्हणून प्रत्येक धक्का तिच्यावर पूर्णपणें बसतो. आपल्याकडील कावडीचा बांबू पावलागणिक लवतो, म्हणूनच वाहणाऱ्याचा खांदा धक्क्यांतून वांचतो. तसेंच हें आहे. तेव्हां त्यांनीं नळीपेक्षां बारीक, भरीव व लवचिक पोलादाचे दांडे करावयाचें ठरविलें. हिंवाळा अंगावर येत होता. तरीही ऑर्व्हिल स्वतः डेटनला गेला आणि दांडे घेऊन ११ डिसेंबरला परतला. वाटेंत त्यानें वृत्तपत्रांत वाचलें कीं, प्राध्यापक लँग्ले यांचें विमान ८ तारखेस पोटोमॅक नदींत कोसळलें. त्या कामीं सरकारचे ५०,००० डॉलर खर्च झाले होते. राइट बंधूंचा खर्च हजाराच्याही आंतला होता.

१३ तारखेस रविवार होता. बंधूंनीं नेहमींप्रमाणें तो दिवस विसांव्याचा मानला. इतक्या दिवसांच्या खोळंब्यानंतर हें सोपें नव्हतें! सोमवारीं विल्बरनें प्रयत्न केला. विमान फार उभें चढलें, साडेतीन सेकंदांत खालीं आलें आणि समोरच्या सुकाणूचे भाग मोडले. दोन दिवस पुन्हां दुरुस्ती चालली. अखेर १७ तारखेस सकाळीं ऑर्व्हिल १२ सेकंद, १२० फूट उडाला. दुपारीं विल्बरनें चौथ्या खेपेस ५९ सेकंदांत ८५२ फूट अंतर काटलें. नवे दांडे टिकले.

या उड्डाणाच्या शेवटीं सुकाणूची चौकट मोडली होती. ती सहज नीट होण्याजोगी होती. पण जमिनीवर उभें असतां वाऱ्याच्या झोतानें तें विमान उलथून त्याचा चुराडा झाला, आणि तें पुन्हां कधीं उडालें नाहीं. पेटाऱ्यांत भरून तें डेटनला नेलें. १९१३ च्या महापुरांत पेटारे ११ दिवस चिखलपाण्याखालीं राहिले. विल्बर १९१२ सालींच वारला होता. १९१६ सालीं ऑर्व्हिलनें तें प्रदर्शनासाठीं पुन्हां जोडलें.