गळ दिसत नाही, आमिष दिसतं



आजचे वाचन: श्रीमद्भागवत, स्कंध ११, अध्याय ८, श्लोक १९ ते २१

अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यातला एक आहे मासा. आमिषाच्या चवीला भुलून तो गळ गिळतो आणि जीव गमावतो. एवढं आपल्याला माहीत असतं. पण पुढचा श्लोक मी आजवर घाईतच वाचला होता. त्याचा भाव असा: आहार सोडला की बाकीची इंद्रियं लवकर ताब्यात येतात, जीभ मात्र येत नाही. उपाशी माणसाची जीभ उलट जास्तच वळवळते.

हे मला परवाच्या एकादशीला कळलं. दिवसभर फक्त पाणी आणि ताक. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे आपल्या बाबतीत होणार नाही, असा ताठा होता. रात्री साडेअकराला काम संपवून लॅपटॉप मिटला आणि पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळले. दिवा न लावताच फरसाणाची पुडी फोडली. तेवढ्यात बाबा पाणी प्यायला उठले.

“काय करायलास अंधारात?”

“काही नाही, बाबा.”

“भूक लागली असंल तर जेव की. भात हाय. चोरून खाऊन कुणाला फसवायलास?”

बाबांना बारा वर्षं मधुमेह आहे, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. माझा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट गेल्याच आठवड्यात आला होता: ६.१. म्हणजे ५.७ ते ६.४ या उंबरठ्यावर मी उभा. घरी सांगितलं नव्हतं.

भात समोर होता, पण मला तो नको होता. तेव्हा लक्षात आलं, ही भूक नव्हेच. भुकेला भात चालतो, ओढीला फरसाणच लागतं.

मग ही ओढ येते कुठून? सगळा दोष आपल्या मनाचा नाही. गोड आणि स्निग्ध पदार्थांत ताकद असते, हे शरीर हजारो वर्षं शिकत आलंय. टंचाईच्या काळात ती शिकवण जीव वाचवायची. आज पुडी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, पण शिकवण तीच आहे. शिवाय मेंदूतलं डोपामिन घास खाल्ल्यावरच नाही, तर त्याची चाहूल लागताच उसळतं. वड्याचा वास, पुडीचा आवाज, काम संपल्याची वेळ एवढं पुरतं.

त्यात जागरण. २००४ साली शिकागोच्या संशोधकांनी १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. त्यांच्यात भूक वाढवणारं घ्रेलिन २८ टक्के वाढलं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्के घटलं. गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची इच्छाही वाढली. २०१९ मध्ये अमेरिकेत २० जणांवर झालेल्या प्रयोगात, कारखान्यात प्रक्रिया केलेलं अन्न समोर असताना माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. साखर, मीठ, चरबी दोन्ही आहारांत सारखीच ठेवली होती, हे विशेष.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळंबा तलावाच्या बांधावर फिरायला गेलो. एकजण गळाला कणकेची गोळी लावत बसला होता. वाटलं, गळ तर माशाला दिसतच नाही, त्याला फक्त कणीक दिसते. मलाही पुडी दिसते, बाबांची सुई दिसत नाही.

मग करायचं काय? कडक उपवासाचा ताठा नको, हे भागवताने सांगितलंच आहे. गीता सहाव्या अध्यायात (१६-१७) बेताचं खाणं आणि बेताची झोप दोन्ही एकत्रच सांगते. आणि दुसऱ्या अध्यायात (५९) सांगते, विषय सोडले तरी त्यांची गोडी उरते. ती जाते परमतत्त्वाचं दर्शन झाल्यावर. म्हणजे नुसतं ‘नको’ म्हणून भागत नाही, त्याहून गोड काहीतरी जिभेला द्यावं लागतं. आपल्याकडे ते आहे, नाम!

मी एक साधा नियम केलाय. जे खायचं ते ताटलीत काढायचं, दिवा लावायचा, विठ्ठलासमोर ठेवायचं, मग खायचं. फरसाण असलं तरी! काल पुडी उघडली, मूठभर ताटलीत काढलं, हात जोडले, आणि नंतर दुसरी मूठ काढायला मन धजलं नाही. रोज असंच जमेल असं नाही, पण लपणं तरी थांबलं.

आणि हो, रिपोर्ट बाबांना दाखवला. ते रागावले नाहीत. म्हणाले, “उद्यापासनं तळ्याला दोघं जाऊ.”

आजचा संकल्प: पुढची ओढ येईल तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारा, आत्ता साधा भात चालेल का? चालत असेल तर पोटभर जेवा. चालत नसेल तर पाच मिनिटं नाम घ्या, आणि आज लवकर झोपा.

प्रार्थना: विठ्ठला, जीभ तूच दिलीस. तिला आधी तुझ्या नामाची चटक लागू दे. राम कृष्ण हरी!