घोट्याची घाई

अगं, काल जेट्टीकडून येताना तुला बघितलं. उजवा पाय ओढत होतीस आणि मी दिसताच एकदम ताठ चालायला लागलीस. मला फसवतेस होय? रविवारी फुटबॉलची मॅच आहे म्हणून घरी बोलली नाहीस, हेही कळतंय.

खरं सांगू का, मीही हेच केलं होतं. घोटा मुरगळला त्याच रात्री गरम तेलाने घसाघसा चोळला. सकाळी घोट्याचा भोपळा! तरी चौथ्या दिवशी बूट चढवले आणि दहाव्या मिनिटाला तोच पाय पुन्हा मुरगळला. तो हंगाम मी पाण्याच्या बाटल्या भरण्यात काढला.

तर आधी हे बघ, त्या पायावर चार पावलं टाकता येतात का? येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावरच दाबून दुखत असेल, तर आजच एक्स-रे. आईला मी सांभाळते. तसं नसेल तर दोन-तीन दिवस चोळणं-शेकणं बंद, क्रेप बँडेज बांध, पाय उशीवर ठेव. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं. आपल्या दिवाळे गावात बर्फाला काय तोटा! पण मासळीच्या पेटीतला नको गं, वास जात नाही. अनुभव आहे.

सूज उतरायला लागली की लोळत पडू नकोस. पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरव. मग ओट्याला धरून एका पायावर उभी राहा, कुकरची एक शिट्टी होईपर्यंत. बघ, दुखणं लवकर जातं, तोल मात्र उशिरा परततो, म्हणून तर तोच घोटा परत दगा देतो. दुखऱ्या पायावर चांगल्या पायाइतकी लांब उडी जमली, न दुखता वळणं घेत पळता आलं, मगच मॅच.

आणि सरावाआधी तुम्ही नुसत्या दोन फेऱ्या मारता ना? फिफाचा ‘11+’ वॉर्म-अप कर. वीस मिनिटं, पंधरा व्यायाम, आठवड्यातून निदान दोनदा. उडीवरून उतरताना गुडघे आत वळू देऊ नकोस. गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध तुटण्याचा धोका आपल्याला पुरुष खेळाडूंपेक्षा दुपटीहून जास्त.

ऑक्टोबर 2022 मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर सतरा वर्षांखालच्या मुलींची वर्ल्डकप फायनल झाली, स्पेनने कोलंबियाला 1-0 हरवलं, तेव्हापासून तुझं हे वेड. त्याच स्पेनच्या अलेक्सिया पुतेयासचा एसीएल त्याच वर्षी जुलैत तुटला होता. ती जवळपास दहा महिने बाहेर बसली आणि ऑगस्ट 2023 मध्ये वर्ल्डकप जिंकली. तुझे तर काही आठवडेच जातील.

कोचना तू सांगतेस की मी सांगू? रविवारी येते मी. बाटल्या भरायला दोघी असलो की पटकन होतं.