आगाऊ फेड आणि रिकामी गंगाजळी

दुसऱ्यांच्या कीर्दखतावण्या तपासून त्यांतील चुका दाखविणे हा ज्याचा वीस वर्षांचा पोटापाण्याचा व्यवसाय, त्याने स्वतःच्या संसाराच्या हिशेबात अशी एक चूक करावी की जी त्याच्या बायकोला, हिशेबशास्त्राचा गंधही नसताना, प्रथमपासूनच दिसत होती, ही गोष्ट सांगण्यात भूषण काहीच नाही. परंतु ओळखीतील तीन-चार तरुण गृहस्थ अलीकडे तोच मार्ग मोठ्या उमेदीने चोखाळताना दिसले, म्हणून संकोच बाजूला ठेवून ही हकीकत लिहीत आहे.

जानेवारी 2017 मध्ये डोंबिवली पूर्वेला, 1988 साली बांधून पुरी झालेल्या एका चार मजली इमारतीत मी लहानशी जागा विकत घेतली. तीच जागा तारण ठेवून बँकेकडून वीस लाखांचे कर्ज काढले. मुदत वीस वर्षे, व्याज बदलत्या दराचे आणि त्या वेळी द. सा. द. शे. साडेआठ, हप्ता दरमहा 17,356 रुपये. पहिल्या हप्त्याची फोड पाहिली तेव्हा 14,167 रुपये व्याजाकडे गेलेले आणि मुद्दलाच्या वाट्याला अवघे 3,189 आलेले दिसले. आणि बँकेने दिलेला तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत उतरवीत नेला तेव्हा व्याजाची एकूण बेरीज साडेएकवीस लाखांच्या पुढे, म्हणजे मुद्दलाहूनही मोठी, निघाली. व्याज मुद्दलाहून अधिक घेऊ नये, हा दामदुपटीचा जुना निर्बंध मला आठवला. (तो एका वेळी वसूल करावयाच्या व्याजापुरता होता, वर्षानुवर्षे फेडीत आलेल्या व्याजाला तो लागू नव्हे, हे मला ठाऊक होते, पण संतापलेल्या मनाला कायद्याचे बारकावे नको असतात.)

आपल्याकडे गहाण या शब्दालाच एक भय चिकटलेले आहे. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे बाहेर काढून जाळले आणि पुढे 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी निराळा कायदा करणे सरकारला भाग पडले, हा इतिहास कोणाच्या स्मरणात असो वा नसो, कर्ज, आग आणि वैर यांचा अंश मागे ठेवू नये ही शिकवण मात्र घरोघर पोचलेली आहे. माझ्या वडिलांनी माझ्या आठवणीत उसनी घेतलेली एकमेव वस्तू म्हणजे शेजाऱ्यांची शिडी, आणि तीही त्यांनी दिवेलागणीच्या आत पोचती केली होती. अशा घरात वाढलेल्या माणसाला ते साडेएकवीस लाख झोप कशी लागू देणार?

वर्षभराने एक लाख रुपये साठले ते मी बँकेत नेऊन मुद्दलात भरले. बदलत्या व्याजाच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेऊ नये असा रिझर्व्ह बँकेचा आदेश 2012 पासून आहेच, त्यामुळे एक पैसाही कापला गेला नाही, आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घेतली तेव्हा नव्या तक्त्यातून शेवटचे सव्वीस हप्ते नाहीसे झालेले दिसले. एका लाखात सव्वीस महिने! त्या कागदाने मला जी धुंदी चढली तिचे वर्णन करणे कठीण आहे. त्यानंतर दिवाळीचा बोनस गेला, मुलीच्या नावाने चालविलेली आवर्त ठेव मोडली, विम्याची मुदत भरून आलेली रक्कम घरी न येता परस्पर बँकेत गेली, आणि जून 2019 अखेर मी एकूण साडेपाच लाख रुपये आगाऊ भरून मुद्दल सव्वातेरा लाखांच्या आसपास आणून ठेवले. कचेरीत मी तो तक्ता घडी करून खिशात बाळगीत असे.

“अहो, बँकेचं देणं कमी होतंय हे दिसतंय मला,” बायको एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, “पण घरात काय राहतंय?” मी तिला चक्रवाढ व्याज समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले.

इमारतीला तीस वर्षे होऊन गेली होती. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा करावयाची असते. आमच्या संस्थेने ती प्रथमच केली, आणि अहवालात गच्चीचे जलरोधन, दोन खांब व मोऱ्यांचे नळ यांची दुरुस्ती तातडीची ठरली. बांधकामखर्चाच्या किमान पाव टक्का दरसाल सिंकिंग फंडात, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठीच्या राखीव निधीत, जमा व्हावा असा दंडक असला, तरी मासिक वर्गणी वाढू नये म्हणून पूर्वीच्या कार्यकारिणीने तिकडे काणाडोळा केलेला होता. सर्वसाधारण सभेत प्रत्येक बिऱ्हाडावर एक लाख दहा हजारांची आकारणी झाली. थकबाकीवर 21 टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावण्याचा अधिकार त्याच उपविधींनी संस्थेला दिलेला आहे, हे चिटणिसांनी हसतमुखाने वाचून दाखविले. घर विकत घेणारा मनुष्य खरेदीखत, मुद्रांकशुल्क, इमारतीवरचे दावे हे सारे पाहतो. संस्थेच्या ताळेबंदातील त्या फंडाची शिल्लक पाहणारा मला अद्याप भेटलेला नाही. मीही पाहिली नव्हती, आणि माझा तर तो व्यवसाय!

मोऱ्यांचे ते नळ दुरुस्त होण्यापूर्वीच, गौरीजेवणाच्या संध्याकाळी, छतातून ठिबकलेल्या पाण्यावरून माझ्या आईचा पाय घसरला. वय चौऱ्याहत्तर. खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयात रात्री अकराच्या सुमारास पन्नास हजारांची अनामत मागितली गेली. आदल्याच दिवशी, पाच तारखेला, हप्ता वळता झालेला असल्याने माझ्या पासबुकात 11,430 रुपये होते. साडेपाच लाख रुपये गाठीला असलेला आणि साडेपाच लाख रुपये नसलेला, असे दोन्ही गृहस्थ त्या रात्री त्या खिडकीसमोर एकाच सदऱ्यात उभे होते. मेहुण्यांनी अर्ध्या तासात पैसे पाठविले म्हणून निभावले.

तीन दिवसांनी मी बँकेत गेलो. माझी समजूत अशी की, ज्याने इतकी मोठी रक्कम आगाऊ दिली त्याला तीन-चार महिने हप्ता न भरण्याची मुभा मागण्याचा निदान नैतिक अधिकार तरी असेल. साडेपाच लाख म्हणजे एकतीस हप्त्यांचे पैसे. मी त्यांतले चार मागत होतो. टेबलामागचा तरुण अधिकारी सौजन्यशील होता. “सर, ते पैसे मुद्दलात गेले,” तो म्हणाला. “पुढच्या पाच तारखेचा हप्ता तर येणारच.” घराच्या तारणावर वाढीव कर्ज मिळू शकेल, पण त्याला नव्याने छाननी, मूल्यांकन आणि दोन-तीन आठवडे लागतील, असेही त्याने सांगितले. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी होती.

या एका मुद्द्यावर वाचकांनी क्षणभर थांबावे, कारण सुशिक्षित माणसेही येथेच फसतात. मुद्दलात आगाऊ भरलेली रक्कम कर्जाचे शेपूट तोडते, त्याच्या तोंडाला हात लावीत नाही. मुदतीच्या शेवटचे हप्ते नाहीसे होतात, पण पुढल्या महिन्याचा हप्ता तसूभरही हलत नाही आणि दिलेला पैसा परत मागता येत नाही. आगाऊ फेडीने मनुष्य श्रीमंत होतो खरा, पण अशा जागी की जेथे त्याचा हात पोचत नाही.

मग बायकोने कपाटातून पाटल्यांची जोडी काढली. सोनेतारणाच्या खिडकीवर मूल्यमापकाने ती कसोटीवर घासली, काट्यावर ठेवली, आणि निव्वळ वजन 27 ग्रॅम 800 मिलिग्रॅम असे मोठ्याने उच्चारून एका लहानशा पिशवीत घालून लाख लावली. बायको तेवढा वेळ समोरच्या भिंतीवरील व्याजदरांचा फलक वाचीत होती. सत्तर हजार मिळाले. उरलेल्या निकडीसाठी दोन लाखांचे वैयक्तिक कर्ज पंधरा टक्क्यांनी तीन वर्षांच्या मुदतीवर घेतले, त्याचा हप्ता 6,933 रुपये. म्हणजे साडेआठ टक्क्यांचे कर्ज वेळेपूर्वी फेडण्याच्या हव्यासात मी पंधरा टक्क्यांचे कर्ज विकत घेतले, आणि त्यापायी तीन वर्षांत जवळजवळ पन्नास हजार रुपये व्याज भरले.

पुढे शांत चित्ताने मी जो हिशेब केला तो असा. साडेपाच लाखांपैकी दोन लाख जर मी मुदतठेवीत राहू दिले असते, तर त्यांवर साडेसहा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळाले असते आणि तेवढ्याच रकमेवर बँकेला साडेआठ टक्के द्यावे लागले असते; म्हणजे माझा खरा तोटा दोन टक्क्यांचा, वर्षाकाठी चार हजारांचा, कर धरून फार तर पाच-साडेपाच हजारांचा. जी गंगाजळी बाळगणे मला उधळपट्टी वाटत होते, तिची किंमत दरमहा चार-साडेचारशे रुपये होती. दुधाचा रतीब त्याहून अधिक होतो.

आणखी एक गोष्ट मला भिंतीवरच्या कालनिर्णयाने शिकविली. बायको दूध, धोबी आणि वरखर्च महिन्याच्या पानामागे टिपून ठेवते आणि जुनी कॅलेंडरे टाकीत नाही. 2014 ते 2018 ही पाच वर्षे मी एका रविवारी तपासली. शीतकपाटाचा कॉम्प्रेसर, मुलीच्या दातांची तार, गावच्या घराची कौले, आईचा मोतीबिंदू, मेहुणीच्या लग्नातला आहेर : यांतला प्रत्येक खर्च त्या त्या वेळी आम्हांला आकस्मिक वाटला होता, पण वर्षाची बेरीज 48,000 च्या खाली कधी आली नव्हती आणि 91,000 च्या वर गेली नव्हती. ज्या खर्चाची तारीखच काय ती अज्ञात, पण जो दरसाल नेमाने येतो, त्याला आकस्मिक म्हणणे ही हिशेबनिसाला न शोभणारी भाषा आहे. मी त्याला आता अंदाजपत्रकात स्वतंत्र रकाना दिला आहे.

तेव्हा ज्यांना कर्ज लवकर फेडावयाचे आहे, त्यांनी ते अवश्य फेडावे. मी स्वतः तेच केले. परंतु आधी सहा महिन्यांचा घरखर्च आणि सहा हप्ते इतकी रक्कम बाजूला काढावी, आणि ज्या खात्यातून हप्ता वळता होतो त्या खात्यात ती ठेवू नये. एकच मोठी ठेव न करता पन्नास-पन्नास हजारांच्या पावत्या कराव्यात, म्हणजे एक मोडावी लागली तरी बाकीच्या शाबूत राहतात. क्रेडिट कार्डाची वा वैयक्तिक कर्जाची बाकी असेल तर गृहकर्जाच्या मुद्दलाकडे पाहूही नये, प्रथम ती निपटावी. वृद्ध मातापित्यांचा आरोग्यविमा महाग वाटतो, मलाही वाटला होता. त्याची तुलना हप्त्याशी न करता रात्री अकराच्या अनामतीशी करावी.

मुदत कमी करून घ्यावी की हप्ता, या जुन्या वादात माझे मत बदलले आहे. ज्या घरात मिळकत एकाचीच आहे त्यांनी बँकेला लेखी अर्ज देऊन हप्ता कमी करून घ्यावा, आणि जुन्या-नव्या हप्त्यातील फरक दरमहा आपण होऊन मुद्दलात भरीत जावे. व्याज जवळपास तितकेच वाचते. मात्र अडचणीच्या महिन्यात तो फरक न भरण्याचे स्वातंत्र्य आपल्या हाती राहते. ओव्हरड्राफ्टच्या पद्धतीचे गृहकर्ज मिळत असेल तर त्यात भरलेली जादा रक्कम गरजेला परत काढता येते. व्याजदर किंचित अधिक असतो, पण मला 2019 साली तो आनंदाने चालला असता.

आणि तक्त्यावर फार विसंबू नये. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा माझा हप्ता तसाच राहिला आणि मुदत मात्र मुकाट्याने लांबली. खिशातल्या घडीवर विश्वास ठेवून मी सोडून दिलेले कित्येक महिने परत आले. दर चढल्यावर हप्ता वाढवावा की मुदत, हे कर्जदाराला विचारले पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये ठरवून दिले आहे. हा प्रश्न आपल्याला विचारला गेला नाही तर आपण होऊन शाखेत जाऊन विचारावा.

माझे कर्ज जानेवारी 2025 मध्ये बेबाक झाले. 1 डिसेंबर 2023 पासूनच्या नियमाप्रमाणे मूळ दस्तऐवज तीस दिवसांत परत न दिल्यास बँकेला दिवसाला पाच हजार द्यावे लागतात. माझे खरेदीखत एकोणिसाव्या दिवशी हाती आले. संस्थेच्या दप्तरातील बोज्याची नोंद मात्र आपोआप उतरत नाही. बँकेचे पत्र मी स्वतः नेऊन दिल्यावर ती निघाली.

पाटल्या त्यापूर्वीच सुटल्या होत्या. कर्ज फिटले त्या दिवशी बायकोच्या डब्यात तीन लाख दहा हजारांच्या ठेवपावत्या होत्या. त्या मुद्दलात घातल्या असत्या तर कर्ज वर्षभर तरी आधी फिटले असते. त्या घातल्या नाहीत.