एक चाचणी, अनेक किमती

आज्ञावलीचा एखादा लहान भाग सुटा काढून तपासण्याच्या रीतीस घटक-चाचणी असे म्हणतात. दिलेले वर्ष लीप आहे की नाही हे सांगणारे फंक्शन उदाहरणादाखल घेऊ. १५८२ साली अमलात आलेल्या ग्रेगोरियन कालगणनेचा नियम असा, की ४ ने भाग जाणारे वर्ष लीप होय. मात्र १०० ने भाग जाणारे वर्ष ४०० नेही भागले गेले तरच लीप. म्हणून २०२४ लीप, २०२३ नव्हे. २००० लीप, १९०० नव्हे.

या चार वर्षांसाठी नवशिका चार चाचण्या लिहितो. मजकूर तोच, भेद काय तो वर्षाचा आणि अपेक्षित उत्तराचा. अशा नकला करण्याचा मग कंटाळा येतो व एखादे वर्ष गाळले जाते. केवळ ४ ने भाग जातो की नाही एवढेच पाहणारे सदोष फंक्शन उरलेल्या तिन्ही वर्षांची उत्तरे बिनचूक देते. त्याचे बिंग १९०० मुळेच फुटते. १९८३ च्या लोटस १-२-३ या हिशेबाच्या आज्ञावलीत १९०० लीप धरले गेले होते. तिच्याशी मेळ राहावा म्हणून एक्सेलनेही तो दोष जतन केला, आणि २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस तेथे ६० व्या क्रमांकावर बसला आहे.

मग चारही वर्षे एकाच चाचणीत आवर्तनाने तपासावीत काय? पुनरुक्ती टळते खरी, परंतु पहिली चूक आढळताच चाचणी थांबते. १९०० चुकल्यावर २००० चे काय झाले ते कळत नाही. आणि निदान तर त्यावरच अवलंबून असते. १९०० चुकले व २००० बरोबर आले, तर शतकाचा अपवाद गळाला आहे. उलट घडले, तर ४०० चा.

यास्तव वर्ष व अपेक्षित उत्तर यांचे कोष्टक करावे आणि चाचणी एकदाच लिहावी. पायथॉनमधील पायटेस्ट व जावातील जेयूनिट ही साधने कोष्टकाची प्रत्येक ओळ स्वतंत्र चाचणी म्हणून चालवितात. एक ओळ चुकली तरी बाकीच्या थांबत नाहीत, व कोणती चुकली तेही दिसते.

उत्तराचा रकाना मात्र हाताने भरलेला असावा. तो त्याच सूत्राने भरल्यास सूत्रातील चूक दोन्हीकडे उतरते आणि चाचणी खुशाल उत्तीर्ण होते. ओळी वाढविण्याचा मोहही आवरावा. २०२५ व २०२६ या ओळी २०२३ हून अधिक काही सांगत नाहीत. वर्षाऐवजी अक्षरे दिल्यास फंक्शनने ती नाकारावीत, ही अपेक्षा निराळ्या जातीची आहे. तिला याच कोष्टकात कोंबून चाचणीत जर-तरची गुंतागुंत करण्यापेक्षा तिच्यासाठी वेगळी चाचणी लिहिलेली बरी.