तिथी बघून तंबू ठोक

अरे राजा, पोरांना घेऊन तारकर्लीला तंबूत राहायचं, सिंधुदुर्गाचं बेट बघायचं आणि वाटेत रत्नागिरीचं मत्स्यालय करायचं, असं तुम्ही दोघांनी ठरवलंत. ऐकून फार बरं वाटलं. माझी मुलं लहान असताना आम्हीही इथूनच, नाशिकच्या काठे गल्लीतून, असेच निघालो होतो. तेव्हा जे जे चुकलं ते तुझ्यासाठी लिहून काढलंय.

१. पहाटे चारला द्वारका ओलांड — पुणे रस्ता आणि आग्रा रोड तिथे एकमेकांत शिरतात, उजाडल्यावर सर्कलवरच पोरं भूक-भूक करतात. उशिरा निघाला तो घाटात जेवला.

२. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घे, आंबा घाटाआधी मात्र पोरांना पोटभर खाऊ घालू नकोस — वळणं सुरू झाली की आवळासुपारीच कामाला येते.

३. मत्स्यालय जातानाच बघा, येताना नको — काचेमागे पाहिलेला काटेरी मासा किनाऱ्यावर पडलेला दिसला, तर पोरं त्याला हात लावत नाहीत. झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, तिथेच ते मत्स्यालय आणि देवमाशाचा भलामोठा सांगाडा आहे. निघण्याआधी फोन करून वेळ विचार.

४. काचेवर टकटक करू देऊ नकोस — माशाच्या अंगाला दोन्ही बाजूंनी एक रेघ असते, तिने त्याला पाण्यातला बारीक हादराही कळतो. समुद्रघोडा दिसला तर पोरांना सांग, की अंडी सांभाळायची पिशवी बापाच्या पोटाला असते. मग बघ, दोघं तुझ्याकडे कशी बघतात!

५. आता मुख्य गोष्ट. तंबू ठोकण्याआधी कालनिर्णय बघ — तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दिवसाही आणि रात्रीही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण हिशेब हाच. हे मला तारकर्लीच्या एका गाबीत आजोबांनी शिकवलं, तेही दुसऱ्या दिवशी! आदल्या दिवशी पौर्णिमा होती. संध्याकाळी पाणी पन्नास पावलं लांब दिसलं म्हणून आम्ही तिथेच मुक्काम टाकला. रात्री अकराला धाकटीची चप्पल तंबूच्या दारात तरंगत होती आणि ती झोपेतच विचारत होती, "आई, पाऊस आला का?" सुक्या शेवाळाची रेघ वाळूत दिसते ना, तिच्याही बरंच वर जा. ज्यानं तिथी पाहिली त्याची गादी सुकी.

६. माडाखाली मात्र नको — नारळ विचारून पडत नाही.

७. वाळूत खुंटी धरत नाही. कापडी पिशव्या वाळूने भर, दोरी बांध आणि हातभर खोल पुरून टाक — वारा दिवसा समुद्रावरून येतो, रात्री जमिनीवरून, म्हणजे ताण दोन्हीकडून बसतो.

८. पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला — वाळूत दडलेलं पाकट चाहूल लागली की निघून जातं, पाय पडला तर काटा मारतं. लागलंच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि थेट डॉक्टरांकडे न्या.

९. देवबागच्या संगमावर अंघोळ नाही म्हणजे नाही — ओहोटीचं पाणी आणि कर्ली नदी एकाच वेळी बाहेर ओढतात. इथे माझं ऐकच.

१०. सिंधुदुर्गाला सकाळच्या होडीने जा, परतीची शेवटची होडी किती वाजता ते चढतानाच विचार — बेटावर दिवस काढायचा, रात्र नाही. महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या विहिरी! पोरांना त्यांच्या काठाशी निवांत उभं कर, पण हात धरून.

११. शंख उचलायचा तर आधी उलटा करून बघा — आत खेकडा राहत असतो.

१२. घरी आल्यावर तंबू गोड्या पाण्याने धू आणि सावलीत वाळव, चेनसकट — मीठ राहिलं की चेन पुढच्या वर्षी सरकत नाही. तुमच्या गॅलरीत जागा नसेल तर आमची गच्ची आहे. चिमटे मी काढून ठेवते.