खो-खोचा जाणता प्रेक्षक

वाशीम जिल्ह्यातील कामरगावासारख्या गावी मुलींचा खो-खोचा सामना असला, म्हणजे बहुतेकांची नजर पळणाऱ्या मुलीवर खिळते. जाणता प्रेक्षक बसलेल्या मुलींकडेही पाहतो. पाठलाग करणाऱ्या संघातील आठ जणी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात, नववी धावते. तिला बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही. खांबाला वळसा घालावा लागतो. बचाव करणारीला मात्र मधून जाण्याची मुभा असते. म्हणून पाठलाग करणारी योग्य क्षणी एखादीला पाठीमागून ‘खो’ देते. तो मिळेपर्यंत बसलेलीने उठावयाचे नसते. वेग आणि संयम या दोहोंची येथे कसोटी लागते.

१९ जानेवारी २०२५ रोजी दिल्ली येथे महिलांच्या पहिल्या खो-खो विश्वचषक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारताने नेपाळवर ७८-४० असा विजय मिळविला. असे खेळाडू लहानमोठ्या मैदानांवरच घडतात. तेथे कौतुकाने पाहणारे कोणी असले, म्हणजे मुलींना हुरूप येतो. म्हणून गावातील सामना चुकवू नये. आपला संघ हरत असला तरी शेवटपर्यंत थांबावे आणि प्रतिपक्षाच्या चपळाईलाही टाळ्या द्याव्यात. खिलाडूपणा खेळाडूला शोभतो, तसाच तो प्रेक्षकालाही शोभतो.