दुबार नोंदी आणि सेटचा चकवा

जावास्क्रिप्टमधील ॲरे या रचनेत प्रत्येक मूल्याला शून्यापासून सुरू होणारा क्रमांक, म्हणजे इंडेक्स, मिळतो आणि तेच मूल्य कितीही वेळा येऊ शकते. २०१५ च्या ईसीएमएस्क्रिप्ट प्रमाणकाने भाषेत आणलेल्या सेटमध्ये मूल्ये ज्या क्रमाने भरली त्याच क्रमाने राहतात खरी, पण त्यांना इंडेक्स नसतो आणि एक मूल्य एकदाच ठेवले जाते. या व्याख्येवरून ‘दुबार नोंदी काढायच्या तर सेट वापरा’ एवढाच धडा घेणारा प्रोग्रामर बहुधा ‘दुबार’ कशाला म्हणायचे, हे विचारायचे विसरतो.

सभासदांची यादी साफ करू पाहणाऱ्या अशाच एका नवख्या प्रोग्रामरने नाव आणि मोबाइल क्रमांक असलेली ऑब्जेक्ट्स सेटमध्ये भरली, तेव्हा एकही नोंद कमी झाली नाही. कारण ऑब्जेक्टच्या आतला मजकूर सेट पाहत नाही, मेमरीतील तेच ऑब्जेक्ट पुन्हा आले का, एवढेच पाहतो. मग त्याने नुसते क्रमांक घेतले, तरी काही जोड्या उरल्याच, कारण काही क्रमांक संख्या म्हणून आले होते तर काही स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, म्हणून, आणि सेटच्या लेखी ५ आणि "५" ही वेगळी मूल्ये आहेत. क्रमांक आधी स्ट्रिंगमध्ये बदलून, कडेची मोकळी जागा छाटून मगच सेटमध्ये टाकावेत. पूर्ण नोंद हवी असल्यास क्रमांकाला किल्ली मानून मॅप वापरावा.

सर्वांत महागात पडली ती पुढची चूक. साफ झालेला सेट त्याने जेसन स्वरूपात सर्व्हरकडे पाठवला आणि तिकडे पोहोचला तो फक्त रिकामा महिरपी कंस, {}; जेसनला सेट ठाऊक नसल्याने मूल्ये गळतात आणि एररही येत नाही, हे विशेष घातक. पाठवण्यापूर्वी ‘ॲरे.फ्रॉम’ने सेटचा ॲरे करून घ्यावा.

एवढे असूनही सेटचा मोह रास्त आहे: दहा हजारांच्या ॲरेत दहा हजार क्रमांक ‘इन्क्लुड्स’ने शोधताना तुलना दहा कोटींपर्यंत जाऊ शकतात, तर सेटचे ‘हॅज’ सहसा सगळी यादी न चाळताच उत्तर देते. मात्र सेट लूपच्या बाहेर एकदाच तयार करावा; तो आत दर फेरीला नव्याने बांधला, तर तेवढ्यासाठीच सगळी यादी पुन्हा पुन्हा चाळली जाते.